चाळणीच्या चार ओळी

रसग्रहणासाठी घेतलेली ही रचना चार ओळींची आहे. ती कुठे छापलेली नाही. कोल्हापुरातल्या एका गूळ अडत्याच्या ईमेल खात्यात आणि त्याच्या फोनमध्ये ती राहते. मूळ ओळी इंग्रजी शब्द आणि चिन्हांत आहेत; मराठीत उतरवल्या तर अशा दिसतात :

पत्रात 'अनसबस्क्राइब' हा शब्द, वजा गव्ह डॉट इन, वजा बँक डॉट इन : इनबॉक्स वगळा, 'मळी' लेबल लावा.
पाठवणारा गव्ह डॉट इन : 'नोटीस' लेबल लावा, स्पॅममध्ये कधीही टाकू नका.
ज्या पत्त्यावर आलं त्यात अधिकचिन्ह आणि 'गूळ' : 'मागणी' लेबल लावा.
फोन : इनबॉक्स गप्प. नोटीस आणि मागणी, एवढीच वाजतील.

पहिल्या तीन ओळी म्हणजे जीमेलमधले फिल्टर. चौथी फोनच्या सेटिंगमध्ये लिहिली जाते, पण ती वेगळी काढली तर पहिल्या तिन्हींचा अर्थच उरत नाही, म्हणून मी तिला रचनेचाच भाग मानतो. लिहिणारी माझी धाकटी बहीण. शाहूपुरीत तिचं करसल्लागाराचं कार्यालय आहे आणि हा अडत्या तिचा जुना अशील. मी वर्षानुवर्षं कवितांची रसग्रहणं लिहीत आलो. एका संध्याकाळी तिने या ओळी मला स्क्रीनवर दाखवल्या, आणि एखादी नेमकी कविता वाचताना श्वास जिथे थांबतो तिथेच तो थांबला. त्या संध्याकाळचं ऋण म्हणून हे लेखन.

आधी प्रसंग. शाहूपुरीची पेठ शाहू महाराजांनी 1895 साली गुळाच्या व्यापारासाठी वसवली. गुळाचे मोठे सौदे आता शाहू मार्केट यार्डात होतात. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सुटा गूळ करातून मुक्त होता. पण 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या गुळावर पाच टक्के जीएसटी आला. तोच गूळ, तीच काहील. पाकिटावर लेबल चिकटलं की कायद्याच्या लेखी तो वेगळा जिन्नस. आमच्या अडत्याने मुलाच्या आग्रहाने एक किलोची पाकिटं काढली. त्यामागोमाग नोंदणी आली, विवरणपत्रं आली, आणि ज्याला रोजच्या व्यवहारात ईमेलची कधी गरज पडली नव्हती अशा माणसाच्या आयुष्यात एक ईमेल पत्ता आला.

तो पत्ता त्याने मग सगळीकडे दिला. कापडाच्या दुकानात बिलासाठी दिला, विमान तिकिटाला दिला, मुलीच्या लग्नाचं सभागृह ठरवताना दिला. वर्षभरात फोन दिवसाकाठी इतक्या वेळा किणकिणू लागला की त्याने तिकडे बघणंच सोडलं. त्या किणकिणीत एका खात्याची नोटीस येऊन गेली. मुदत संपल्यावर कळलं. दंड भरून प्रकरण मिटलं, पण माणूस हबकला. "ताई, दिवसभर वाजतंय ते. कुठलं बघायचं नि कुठलं न्हाई?" एवढंच तो म्हणाला.

त्याचा प्रश्न अक्षरशः कायद्याचा प्रश्न आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या, म्हणजे 2017 च्या कायद्याच्या, कलम 169 प्रमाणे नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवलेलं पत्र म्हणजे बजावलेली नोटीस. नोंदणी रद्द का करू नये अशी नोटीस आली तर उत्तराला सात कामकाजाचे दिवस असतात. पोस्टमनने दारात उभं राहून सही घ्यावी, ती सहीच इथे नाही. पत्र पोचल्याची खूण म्हणजे फोनची एक किणकिण, आणि ती चपलांच्या सवलतीच्या किणकिणीसारखीच ऐकू येते.

आता पहिली ओळ. तिचा आधार एकच शब्द आहे : अनसबस्क्राइब. 'मला तुमच्या यादीतून वगळा' असं सांगण्याची सोय. जाहिरातीच्या पत्राच्या तळाशी, बारीक करड्या अक्षरांत तो असतो. न मागता पाठवलेल्या जाहिरातीच्या पत्राची पहिली ठळक नोंद 1978 च्या मे महिन्यातली आहे : डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना आपल्या संगणकांची जाहिरात एकदम धाडली. त्या पत्रात बाहेर पडायची वाट नव्हती. ती वाट पुढच्या भांडणांतून तयार झाली. अमेरिकेने 2003 मध्ये कायदा करून ती सक्तीची केली, आणि 2024 पासून जीमेलने दिवसाला 5,000 हून अधिक पत्रं पाठवणाऱ्या व्यापारी प्रेषकांना एका टिचकीत यादीतून बाहेर पडण्याची सोय बंधनकारक केली. आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायचे नियम फोन आणि एसएमएससाठी आहेत. ईमेलच्या उपद्रवासाठी स्वतंत्र कायदा नाही. पण बाहेरच्या कायद्याचा तो शब्द आपल्याकडच्या जाहिरातींच्याही तळाशी येऊन बसला.

या ओळीचं मर्म मला इथे दिसतं. जाहिरात ओळखण्यासाठी बहिणीने 'सवलत', 'ऑफर', 'मोफत' असे शब्द पकडले नाहीत. ते शब्द पाठवणारा बदलू शकतो, एक अक्षर मोडून लिहू शकतो. तिने असा शब्द धरला जो पाठवणाऱ्याला टाळता येत नाही. हजारोंना एकच पत्र धाडणाऱ्या प्रामाणिक व्यापाऱ्याला स्वतःची ओळख स्वतःच्या पत्राच्या पायाशी लिहावीच लागते. त्या ओळखीवर तिने बोट ठेवलं आणि आरोप कसलाच केला नाही. 'हा लबाड आहे' असं ही ओळ म्हणत नाही. 'हे पत्र एकट्या तुला लिहिलेलं नाही' एवढंच म्हणते. खरे लबाड तो शब्द लिहीत नाहीत किंवा खोटा लिहितात. त्यांना पकडायला जीमेलची स्वतःची यंत्रणा आहे, आणि ती आपलं काम बहुतेक वेळा चोख करते. तिच्यातून जे गळून इनबॉक्सात येतं ते बहुधा स्पॅम नसतंच. ती आपण कधीतरी होकार दिलेली जाहिरात असते. कापडाच्या दुकानात बिलासाठी पत्ता आपणच सांगितलेला असतो. पहिली ओळ म्हणजे आपल्याच जुन्या, बेसावध होकाराला घातलेली मर्यादा आहे.

मग येतात दोन वजाचिन्हं. मला ती सगळ्यांत आवडतात. बँकेच्या पत्रांच्या तळाशीही अनसबस्क्राइब असू शकतं, सरकारी खात्याच्या माहितीपत्राच्या तळाशीही. ती दोन कुळं ओळीने बाहेर काढली. पूर्वी प्रत्येक बँकेचा पत्ता वेगळा, त्यामुळे हे वजा लांबच लांब झालं असतं. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये सर्व बँकांना ऑक्टोबरअखेर बँक डॉट इन या एकाच कुळात यायला सांगितलं, आणि बहिणीची लांबलचक यादी आटून एका शब्दाची झाली. बाहेरच्या जगात एक शिस्त आली की कारागिराची ओळ आखूड होते.

या वजाबाकीत एक उणीव राहते. बँकेचं खातेपत्रक आणि बँकेची कर्जाची जाहिरात एकाच कुळातून येतात, आणि ही ओळ दोन्हींना सारखीच वाट देते. बहिणीला हे माहीत आहे. तिने ते तसंच ठेवलं, कारण एक नकोसं पत्र आत आलं तर चालेल, एक हवं ते पत्र बाहेर राहिलं तर चालणार नाही. चूक कोणत्या बाजूला पडू द्यायची, हे तिने ओळ लिहिण्याआधी ठरवलं होतं.

ते तिने कसं ठरवलं हेही सांगायला हवं. फिल्टर फोनमधल्या जीमेलमध्ये लिहिता येत नाही, त्यासाठी संगणकावर बसावं लागतं. आमच्याकडचे बहुतेक व्यापारी फोनपुढे जातच नाहीत, त्यामुळे ही सोय आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. संगणकावर वरच्या शोधपट्टीत अटी लिहायच्या, काय काय सापडतं ते पाहायचं, आणि त्याच अटींचा फिल्टर करायचा. म्हणजे हुकूम देण्याआधी प्रश्न विचारता येतो. बहिणीने पहिली ओळ आधी प्रश्न म्हणून विचारली, सापडलेली पत्रं पानामागून पान चाळली, त्यात गूळ पॅक करण्याची खोकी पुरवणाऱ्या एका कारखान्याचं दरपत्रक दिसलं तेव्हा थांबली, त्याच्यासाठी काय करायचं यावर अडत्याशी बोलली, आणि मग बटण दाबलं. या क्रमात एक सभ्यता आहे. साक्ष तपासून निकाल.

फिल्टरच्या उजव्या बाजूला, म्हणजे कृतीच्या बाजूला, जीमेल अनेक पर्याय समोर ठेवतं. इनबॉक्स वगळा, वाचलेलं म्हणून खूण करा, तारा लावा, लेबल लावा, पुढे पाठवा, खोडून टाका, स्पॅममध्ये टाकू नका, महत्त्वाचं माना. बहिणीने पहिल्या ओळीत यांतले दोनच घेतले. कवितेतल्या न लिहिलेल्या शब्दांकडे बघावं तसं इथे न निवडलेल्या चौकटींकडे बघायला हवं.

'खोडून टाका' तिने घेतलं नाही. खोकीवाल्याचं दरपत्रक त्याचं कारण. पाठवणाऱ्याने सगळ्यांना धाडलेलं पत्र एखाद्या दिवशी नेमकं याच्या उपयोगाचं असू शकतं, आणि ते कोणत्या दिवशी असेल हे नियम लिहिताना कळत नाही.

'वाचलेलं म्हणून खूण करा' हेही तिने घेतलं नाही. याबद्दल मी तिच्याशी वाद घातला. ती चौकट निवडली असती तर लेबलाच्या बाजूचा आकडा वाढत राहिला नसता, सगळं स्वच्छ दिसलं असतं. डोळ्यांनाही शांतता मिळाली असती. ती म्हणाली, "दादा, न वाचलेल्याला वाचलेलं म्हणायचं कशाला? त्याने वाचलं नाही, हे खरं आहे. ते तसंच दिसू दे."

या एका उत्तरामुळे ही रचना माझ्या लेखी नुसत्या कारागिरीच्या वर गेली. आवाज बंद करण्याच्या आपल्या बहुतेक तऱ्हांमध्ये थोडं खोटं मिसळलेलं असतं. आपण 'बघतो' म्हणतो आणि बघत नाही. तिच्या ओळीत ते खोटं नाही. पत्र आलं, हे खरं. ते ठेवलं आहे, हेही खरं. ते वाचलेलं नाही, तेही खरं. फक्त त्याने तुम्हाला हाक मारायची नाही. पत्र येणं आणि पत्राने हाक मारणं या दोन गोष्टी आपल्या फोनने एक करून टाकल्या होत्या. तिने त्या पुन्हा वेगळ्या केल्या. जाहिरातवाल्याचाही यात अपमान नाही. त्याचं पत्र जागेवर आहे, त्यावर नाव आहे, अडत्याला वेळ झाला की तो तिथे जाईल.

त्या नावाची एक गोष्ट आहे. लेबलाचं पहिलं नाव 'मळी' नव्हतं, 'बाजार' होतं. बहिणीला ते सहज सुचलं. अडत्याने स्क्रीनवर तो शब्द वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, बाजार म्हंजे आमचं पोट हाय. त्येला बाजार नगा म्हणू." मग काय म्हणायचं, असं तिने विचारलं. तो गुऱ्हाळाच्या घरातला माणूस. क्षणभरही न थांबता म्हणाला, "मळी म्हणा की."

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी इथे थोडं थांबायला हवं. घाण्यातून निघालेला उसाचा रस काहिलीत पडतो. खाली चुलवाणात जळव्या चिपाडं सारत असतो. रस तापू लागला की त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात. उसाबरोबर आलेली माती, सालीचे कण, मेणचटपणा, असं सगळं त्या चिकटपणाला धरून हळूहळू वर येतं आणि काहिलीवर काळपट दाट साय धरते. तीच मळी. गुळव्या ती मोठ्या झाऱ्याने एका कडेने ओढत नेतो आणि उचलून बाजूला काढतो. यात वेळेला फार महत्त्व असतं. रस खळखळून उकळायला लागायच्या आत पहिली मळी निघाली पाहिजे. उकळीत ती एकदा परत मिसळली की मग झारा कितीही फिरवा, आदणाचा रंग गेलाच. शिवाय मळी कोणी फेकून देत नाही. ती खताला जाते.

फिल्टरही नेमका तिथेच उभा असतो. पत्र खात्यात शिरताना, इनबॉक्सात मिसळायच्या आधी. संध्याकाळी बसून शंभर पत्रं हाताने खोडणं म्हणजे उकळी फुटल्यावर झारा फिरवणं. तोवर फोन दिवसभर वाजून चुकलेला असतो आणि नोटीस त्या खळखळाटात मिसळून गेलेली असते. अडत्याने हे गणित मांडून तो शब्द सांगितला नव्हता. त्याच्या हाताला ठाऊक होतं, तोंडातून शब्द आला. कोल्हापुरी गुळाचा पिवळाधमक रंग आणण्यासाठी काहीजण हायड्रॉसची पूड टाकतात हेही त्याच हाताला ठाऊक आहे. मळी नीट न काढता वरून रंग उजळवायचा. न वाचलेल्या पत्रांवर 'वाचलं' अशी खूण करून घेणं मला त्या पुडीसारखं वाटतं, आणि बहिणीने ती का टाकली नाही हे मला त्या शब्दामुळे अधिक कळलं.

बहिणीने लेबलाचं नाव बदललं तेव्हा आधीच्या सगळ्या पत्रांवरचं नाव त्याच क्षणी बदललं, फिल्टरमधलंही. कागदाच्या जगात हे अशक्य होतं. आमच्याकडे जुन्या करवीर दरबारचे कागद रुमालांत बांधले जात. एकेका विषयाचा, एकेका सालाचा रुमाल. कागद एकाच रुमालात असू शकतो. जमिनीच्या वादात देवस्थानाचा संबंध असेल तर तो कागद जमिनीच्या रुमालात शोधायचा की देवस्थानाच्या, हे दफ्तरदाराच्या आठवणीवर अवलंबून. 1 एप्रिल 2004 रोजी जीमेल आलं तेव्हा त्याने रुमालाची म्हणजे फोल्डरची पद्धत सोडून लेबलं आणली. एका पत्रावर दोन, तीन, हवी तितकी. पत्र एकाच जागी असतं, नावं अनेक. सरकारी खात्याने 'गूळ'वाल्या पत्त्यावर पत्र पाठवलं तर ते 'नोटीस'ही असतं आणि 'मागणी'ही. एसएमएसच्या जगातही आता लेबलं आली आहेत : 2025 पासून व्यापारी संदेशाच्या नावाशेवटी पी, एस, टी, जी यांपैकी एक अक्षर येतं, जाहिरात की सेवा की व्यवहार की सरकार हे सांगणारं. पण ते अक्षर पाठवणाऱ्याच्या बाजूने लागतं. 'मळी' हे नाव वाचणाऱ्याने दिलं आहे.

दुसऱ्या ओळीकडे वळतो. तिच्यात मला दोष दिसतो, आणि तो दाखवला नाही तर हे रसग्रहण अप्रामाणिक ठरेल. 'पाठवणारा गव्ह डॉट इन' ही अट पाठवणाऱ्याचा पत्ता पाहते, पण जीमेलचा हा शोध पत्त्याशेजारच्या नावातही डोकावतो. कोणी आपल्या नावाच्या जागी तीच अक्षरं लिहिली तर तोही 'नोटीस' म्हणून वाजू शकतो, आणि 'स्पॅममध्ये कधीही टाकू नका' या शब्दांमुळे यंत्राचा पहाराही त्याच्यासाठी उठतो. जो दरवाजा सर्वांत जपायचा, त्याचीच कडी थोडी सैल आहे.

बहिणीने यावर उपाय ओळीत केला नाही, माणसात केला. अडत्याला तिने सांगितलं आहे की 'नोटीस' वाजली म्हणजे ती खरी असेल असं नाही, बघायला हवी एवढंच. पत्र उघडायचं, आतल्या कुठल्याही दुव्यावर बोट ठेवायचं नाही, पाठवणाऱ्याच्या नावाखालचा तपशील उघडून सही कोणाची आहे ते पाहायचं, आणि पोर्टलवर आपण स्वतः जाऊन तीच नोटीस तिथे आहे का ते तपासायचं. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या अधिकाऱ्यांच्या पत्रांवर 2019 च्या नोव्हेंबरपासून डिन हा ओळखक्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. पोर्टलवरून निघालेल्या पत्राला संदर्भ क्रमांक असतो. दोन्ही पडताळता येतात.

त्या तपशिलातली 'सही' म्हणजे डीकेआयएम. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने पत्राच्या मजकुरावरून गणित करून काढलेला शिक्का. वाटेत मजकूर बदलला तर शिक्का जुळत नाही. मराठेशाहीतल्या पत्रात मजकूर संपला की तळाशी मोर्तब उठे, म्हणजे त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये. कारण दोन्हीकडे एकच. लिहिणारा दूर आहे, वाचणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही, तेव्हा पत्राने आपली हद्द स्वतः राखली पाहिजे.

तिसरी ओळ छोटी आणि खेळकर आहे. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचिन्ह आणि कुठलाही शब्द लिहिला तरी पत्र आपल्यालाच येतं. पाकिटांवर आणि ऑनलाइन दुकानात अडत्याने दिलेला पत्ता असा 'गूळ' जोडलेला आहे. पत्र लिहिणाऱ्या गिऱ्हाइकाला कळतही नाही की त्याने स्वतःच आपलं पत्र नीट जागी ठेवलं. या पत्त्यावर जाहिराती येऊ लागल्या तर तो कुठून फुटला हेही लगेच समजतं.

या तिन्ही ओळींचा एकमेकींशी संबंध कसा आहे, हे काव्यशास्त्राच्या अंगाने पाहण्यासारखं आहे. ईमेल चाळण्यासाठी एक स्वतंत्र भाषाच आहे. 2001 च्या जानेवारीत तिचं प्रमाण रूप प्रसिद्ध झालं. नाव 'सीव्ह', म्हणजे आपली चाळण. त्या भाषेत क्रमाला अर्थ असतो. आधीच्या ओळीने 'इथे थांब' म्हटलं की पुढच्या ओळींपर्यंत पत्र पोचतच नाही. तो प्रबंध आहे. मागचा सर्ग वाचल्याशिवाय पुढचा कळत नाही. जीमेलच्या फिल्टरना क्रम नाही. जेवढे लागू पडतील तेवढे सगळे लागतात, कोणी कोणाला अडवत नाही. म्हणून इथली प्रत्येक ओळ मुक्तकासारखी स्वयंपूर्ण असावी लागते. अपवाद पुढच्या ओळीवर ढकलता येत नाही, तो त्याच ओळीत लिहावा लागतो. पहिल्या ओळीतली ती दोन वजाचिन्हं या सक्तीतून आली आहेत, आणि सक्तीतून आलेलं सौंदर्य मला नेहमीच जास्त टिकाऊ वाटत आलं आहे.

हाताने लिहिलेली चाळण आता जुनी झाली, यंत्र सगळं शिकतं, असं मला एका तरुण मित्राने सुनावलं. यंत्र शिकतं हे खरं आहे. पॉल ग्रॅहम यांनी 2002 च्या ऑगस्टमध्ये मांडलेली कल्पना साधी होती : नको असलेल्या पत्रांत कोणते शब्द किती वेळा येतात आणि हव्या त्या पत्रांत किती वेळा, ते मोजा, आणि नव्या पत्राची शक्यता ठरवा. अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ यांचं गणित त्यामागे आहे. त्या वाटेने ईमेल वाचलं, नाहीतर आज कोणी ते उघडलंच नसतं. पण यंत्र सांगतं ते अनुमान. ते का सांगितलं हे अडत्याला वाचता येत नाही. बहिणीच्या ओळी त्याला वाचता येतात. कोणतं पत्र का वाजलं नाही, हे तो मुलाला समजावून सांगू शकतो, आणि चूक सापडली तर ओळीत बोट ठेवून दाखवू शकतो. लाखो लोकांची लबाडी ओळखायला यंत्र लागतं. या एका माणसाचं लक्ष कशावर असावं, हे मात्र त्याच्या वतीने कोणीतरी लिहूनच ठेवलं पाहिजे.

राहिली चौथी ओळ. अँड्रॉइड फोनवर जीमेलच्या सेटिंगमध्ये लेबलांची यादी असते. ज्या लेबलाला वाजायचं आहे, त्याची गेल्या तीस दिवसांची पत्रं फोनवर उतरवण्याची सोय आधी सुरू करावी लागते; मगच त्याच्या सूचनेची चौकट मिळते. 'प्रत्येक पत्रासाठी वाजव' अशी आणखी एक चौकट असते. ती सुरू नसेल तर एकामागोमाग आलेल्या पत्रांना मिळून एकच किणकिण होऊ शकते. 'नोटीस'साठी बहिणीने तीही सुरू केली. दोन लेबलांना दोन वेगळे आवाज दिले. इनबॉक्सचा आवाज काढून घेतला. घरच्यांचं काय, असं मी विचारलं. घरचे आणि पाहुणे फोन करतात, अडत्याला ईमेल कोणी लिहीत नाही, असं ती म्हणाली. दुसऱ्या कोणासाठी ही ओळ वेगळी लिहावी लागेल.

या ओळीपाशी मला शाहू मिलचा भोंगा आठवतो. मिल 1906 मध्ये उभी राहिली आणि तिच्या भोंग्यावर अख्ख्या गावाची घड्याळं चालत. ज्यांना मिलशी देणंघेणं नव्हतं त्यांनाही त्याचा अर्थ कळे : पाळी सुरू झाली, पाळी सुटली. एक आवाज, त्याचा एक अर्थ, म्हणून तो हजारो कानांना सोसवला. अडत्याच्या फोनला मधल्या काळात इतके अर्थ चिकटले की अखेर एकही उरला नाही. चौथ्या ओळीने दोन आवाजांना दोन अर्थ परत दिले.

गेल्या हंगामात मी बहिणीबरोबर यार्डात गेलो होतो. सौदा चालू होता, गुळाच्या रव्यांच्या रांगांमधून माणसं बोली लावत पुढे सरकत होती. अडत्याचा फोन गादीवर उघडाच पडला होता, पडदा काळा. सौदा संपेपर्यंत तो एकदाच वाजला, आणि बोलीच्या गलक्यातही अडत्याने मान वळवली. "मागणी हाय," तो आवाजावरूनच म्हणाला, आणि पुन्हा गुळाकडे बघू लागला. दिवेलागणीला पाय पसरून बसल्यावर त्याने 'मळी' उघडली, बोटाने सावकाश वर ओढत गेला, खोकीवाल्याच्या नव्या दरपत्रकापाशी थांबला आणि मुलाला हाक मारली.